मेंढरांच्या चालीनं

राघूमामांनी अंगणातल्या मातीत आणखी एक खडा मांडला आणि म्हणाले, "हितं दुसरा मुक्काम. मढ."

"मढला मुक्काम?" हर्षाली जवळजवळ ओरडलीच. "मामा, मढ आपल्या आणे गावापासून दीड तासावर आहे! गाडीनं जायचंय आपल्याला. मेंढरांमागं नाही."

"गाडी आसू दे न्हाईतर मेंढरू," सासऱ्यांचा सूर जराही हलला नाही. "दमल्या पायांनी माळशेजच्या घाटात शिरू न्हाई."

"गाडीला पाय नसतात."

"चाकं बी दमत्यात."

हर्षालीनं नवऱ्याकडं पाहिलं. पप्पू सुमोची काच पुसत होता. ही सुमो तो आळेफाट्यावर प्रवासी भरून वडापला चालवायचा. मालकानं शनिवार-रविवार मोठ्या मनानं दिली होती, पण सोमवारी पहिल्या खेपेला ती फाट्यावर उभी पाहिजे होती. तेवढ्यात घाट उतरून अलिबागचा समुद्र गाठायचा आणि परत घर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कुठं जायचं निघालं होतं. घाटात धुकं किती वाजता निवळतं, हेसुद्धा तिनं ओतूरच्या कंडक्टरला विचारून ठेवलं होतं. लहानग्या लेकीला, आरतीला, गाडीत उलटी होते म्हणून तिला निघताना काय द्यायचं आणि काय नाही, तेही. आणि इथं मामा घाटाच्या तोंडाशी बिऱ्हाड टाकून बसले होते. मेंढरं विकून कितीतरी वर्षं झाली, तरी यांच्या डोक्यातली वाट अजून मेंढरांच्याच चालीनं चालत होती.

"अहो, तुम्ही तरी बोला ना काही."

"आप्पा म्हणत्यात ते बी बरोबर हाय," पप्पू काचेलाच म्हणाला, "आन् तू म्हणती ते बी."

त्याचं हे एक होतंच.

तेवढ्यात आरतीनं वाकून पहिला मुक्काम उचलला आणि तोंडात घातला. हर्षालीनं झडप घालून तिच्या गालातनं ओतूर बाहेर काढलं.

"घ्या! आता ओतूर गेलं. ते तरी नको, सरळ पुढं जाऊ."

"आसं कसं?" दारात बसून बाजरी पाखडणाऱ्या सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, सूप थांबवलं. "वतूरला माझी भन हाय. तिच्या दारावरनं गाडी न्यायची आन् च्या बी घ्यायचा न्हाई? पुन्यांदा तोंड दावायला जागा नाय राह्यची."

"आत्या, तुमच्या बहिणीकडं चहा म्हणजे कोंबडं असतं. कोंबडं धरण्यातच तासभर जातो."

"ते मातर खरं हाय," पप्पू हसला. हर्षालीची नजर पडताच तो पुन्हा काच पुसायला लागला.

राघूमामांनी ओतूर पुसून परत जागेवर ठेवलं. मग घाट उतरून टोकावडे, मग मुरबाड. प्रत्येक खड्यापाशी त्यांना काही ना काही आठवत होतं. इथं पाणी गोड, इथला पाटील भला, इथं तरस फार. त्यांच्या हिशेबानं शनिवार-रविवार कधीच संपून गेले होते, आणि गाडी अजून मुरबाडच्याच भाताच्या वावरात बसली होती.

हर्षालीचा धीर सुटला. पोरीला कडेवर घेऊन ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"बरं मामा. मांडाच सगळे. समुद्रावर तुमचा मुक्काम कुठं असायचा, तेवढं सांगा. तिथनं मी मागं मोजत येते."

राघूमामांच्या हातात एक खडा उरला होता. त्यांनी तो तळव्यावर फिरवला. खाली ठेवला नाही.

"समुद्रावर कशापायी?" ते म्हणाले. "तिथं ना गवत, ना गोडं पाणी. आमी भिवंडीच्या अल्याड बसायचो. मेंढरं बसवून वावरं खतवायची, पायली-दोन पायली भात घ्यायचं आन् तिथनंच माघारी."

"म्हणजे, तुम्ही बघितलाच नाही?"

"वारं यायचं ना तिकडचं. खारं. मेंढरं नाकं वर करून हुबी राह्यची."

"ह्येंनी न्हाई बघितला आन् मी बी न्हाई," सुंदराबाई म्हणाल्या. "दर साली म्हनायचे, फुडच्या साली जाऊ. आन् मेंढरं कुनावर टाकून जायची?"

पप्पूचा फडका थांबला. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

हर्षालीनं मोजायला उचललेलं बोट खाली घेतलं.

"उद्या तांबडं फुटायच्या आत निघायचं," सुंदराबाईच बोलल्या. "मदी कुठं बसायचं न्हाई. भन रुसली तर रुसू दे, मी समजावीन तिला."

"मंग घाटाच्या आधी गाडीला पाणी तरी पाज," राघूमामा पप्पूवर खेकसले आणि उठून गोठ्याकडं गेले.

सुंदराबाईंनी सूप बाजूला ठेवलं. सुनेला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आन् पोरी, तिथं पोचल्यावर काय काय करायचं आसतंय?"

हर्षाली कॉलेजच्या सहलीत एकदाच समुद्रावर गेली होती. "काही नाही, आत्या. नुसतं बसायचं. बघत."

"चूल-बिल मांडायची आसंल?"

"नाही. काहीच करायचं नाही."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

सुंदराबाईंनी स्वतःच्या हातांकडं बघितलं.

"मंग तिथं पोचलो की माझं हात धरून ठेव बाई," त्या म्हणाल्या. "न्हाईतर ते आपलं सरपान गोळा करायला लागत्याल."