पाचवा कारखाना

व्हीलचेअर बनवणाऱ्या बाई ॲल्युमिनियमच्या खास सेक्शनचं, म्हणजे विशिष्ट आकाराच्या लांब दांड्याचं, ड्रॉइंग घेऊन आल्या, तेव्हा मालक असलेल्या भाच्याने मामांना डोळ्यांनीच खुणावलं, हो म्हणा. तापलेलं ॲल्युमिनियम साच्यातून रेटणारा प्रेस तीन आठवडे थंड पडला होता.

पण त्या प्रेसचे साचे मामा चाळीस वर्षं कोरत आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि ड्रॉइंगवर अंगठा टेकवला.

"बाई, हा सरळ निघायचा नाही. एक बाजू जाड, दुसरी कागदासारखी. जाड बाजूने धातू धावत सुटेल, पातळ बाजूने रांगत येईल. केळ्यासारखा वाकडा होईल."

"मामा, करून तर बघू!" भाचा काकुळतीला आला.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! वाकड्या खुर्चीत तू बसणार आहेस का?"

बाईंनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. भाच्याने कपाळाला हात लावला.

"आधीच्या चारही कारखान्यांनी 'होऊन जाईल' म्हणून सांगितलं," म्हणत बाईंनी पिशवीतून दुसरा कागद काढला आणि मामांपुढे पसरला. "हे खरं ड्रॉइंग. ते पहिलं मी 'नाही' म्हणणारा माणूस शोधायला काढलं होतं."