औषधावरचे नाव

दारात आलेल्या अनोळखी बाईच्या हातातला पेढ्यांचा पुडा पाहून डॉ. मृणाल बोरवणकर ओशाळल्या. कृत्रिम बुद्धीचे यंत्र आता प्रत्येक रुग्णासाठी वेगळे औषध घडवी, आणि ज्या संशोधकाचे शोधनिबंध त्यात सर्वांत उपयोगी पडले त्याचे नाव बाटलीवर छापी. रुग्ण बरा झाला की घरचे त्या संशोधकाकडे पेढे नेत.

“ताई, चुकून आलात. रक्ताचा कर्करोग माझ्या प्रत्येक औषधाला सरावला. आयुष्यभर मी अपयशच छापलं.”

“यंत्रही तेच म्हणालं, बाई. तुम्ही फसलेलं काहीच लपवलं नाहीत, म्हणून त्याला उरलेली वाट सापडली.”

आईमागून केतकी पुढे आली. तिच्या डोक्यावर नुकतेच केस उगवले होते.

“आजी, मग मीपण तुमचं अपयश का?”

उत्तरासाठी मृणालबाईंनी तोंड उघडले, तोच केतकीने त्यात पेढा कोंबला.