देव्हाऱ्याचं वळण

"रोज त्याच वळणावर ब्रेक," ड्रायव्हरच्या मागून दानाई म्हणाली. "तिथं ना गाव, ना थांबा. आज पुन्हा डिझेल मोजणाऱ्या यंत्राचा लाल दिवा लागला, तर डोंगरावरची ही बस दुसऱ्याला देणार आहेत, स्तामातिसकाका." डिझेल कसं वाचवायचं ते ड्रायव्हरांना शिकवायला बसकंपनीनं तिला पाठवलं होतं; शिकवून शिकवून तिचा घसा बसला होता.

स्तामातिसनं गिअर बदलला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"स्तामातिस या नावाचा अर्थच 'थांब्या'!" मागून कोंबड्यांची टोपली घेऊन बसलेली थेक्ला ओरडली. "दहावं पोर! पाळणा थांबावा म्हणून आईनं ठेवलं. पाळणा थांबला, हा मात्र दिसेल तिथं थांबतो!"

बस हसली. पहिल्या सीटवरच्या मोर्फोमावशी हसल्या नाहीत. डोईच्या रुमालाच्या टोकानं त्या काच पुसत होत्या.

"पोर गेलं माझं त्या वळणावर, मोटरसायकलवरून. त्याच्यासाठी तिथं उभारलेल्या देव्हाऱ्यातला दिवा तेवतोय का, तेवढं बघते गं बाई, जाता जाता. चालत यायला गुडघे उरले नाहीत."

दानाईनं डोळे चोळले. "ब्रेक नको, काका. पुढं चढ आहे. पाय आत्ताच उचला. दमली की गाडी आपोआप हळू होईल."

त्यानं पाय उचलला. बस दमत दमत, माणसाच्या चालीनं वळणावर आली. यंत्रावरचा दिवा हिरवाच. खांबावरचा पत्र्याचा देव्हारा, खेळण्यातल्या चर्चएवढा, खिडकीजवळून सरकू लागला.

"विझलाय," मोर्फोमावशी म्हणाल्या. एवढंच.

स्तामातिसनं करकचून ब्रेक दाबला. लाल दिवा लागला, यंत्र किंचाळलं. कुणी हसलं नाही. त्यानं सीटखालून दिव्याच्या तेलाची बाटली काढली.

"इंजिन बंद करा," दानाई म्हणाली.

दाराकडे गेलेला त्याचा हात तसाच राहिला. "म्हणजे... गेली ना माझी बस?"

"थांबा आहे ना हा?" मान वर न करता ती यंत्रात हे वळण थांबा म्हणून टिपत होती. "मग उभ्या गाडीचं डिझेल कशाला जाळताय?"

इंजिन बंद झालं. झाडांतले किडे एकदम ऐकू यायला लागले. थेक्लानं काडेपेटी पुढं दिली, आणि ती हातोहात दारापर्यंत आली.