तारखेचं फंक्शन

थोरल्याची एक खोड आईंना मुळीच खपत नसे: आपलं काही बिघडलं की बोट बायकोकडे. दोघं एकाच कंपनीत प्रोग्राम लिहायचे. आज जेवणाच्या टेबलाशी बसून तो फोनवर साहेबांना सांगत होता, "दवाखान्याच्या ॲपमध्ये तारखा एक दिवसानं चुकल्या, कारण तारखा काढणारं फंक्शन हिचं आहे." बायकोचं नाव, आडनाव सांगून मोकळा झाला. तिला कामावरून काढतो, असं साहेब म्हणाले, तर यानं नुसतं 'बरं' म्हटलं.

फोन ठेवला तसं आईंनी सुनेला विचारलं, "खरं का गं?"

"चूक माझीच होती, पण ती मी महिन्यापूर्वीच सुधारली," सून म्हणाली. "फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तो तुकडा, माझ्या नावाच्या फाइलीत आहे आणि मी ते एक्सपोर्ट केलंय, म्हणजे सगळ्यांना वापरायला खुलं. ज्यांनी ते इम्पोर्ट केलं, म्हणजे थेट तिथूनच मागवून वापरलं, त्यांच्याकडे आपोआप सुधारलं. यांनी ते उतरवून स्वतःच्या फाइलीत चिकटवलं. तिथे जुनी चूक तशीच राहिली."

"मग तुला इम्पोर्ट करायला काय धाड भरली होती?" आई लेकाकडे वळल्या. "फार लिहावं लागतं का?"

"एकच ओळ," तो पुटपुटला. "पण तिच्यात हिचं नाव येतं. चारचौघांत बरं दिसत नाही."

 

"मेल्या, तिचं काम वापरताना तुला तिचं नाव लिहायची लाज वाटली, आणि खापर फोडताना मात्र आडनावसुद्धा विसरला नाहीस."