एक सूत

आत्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि डॉक्टरांच्या स्क्रीनवर सरळ बोट टेकवलं.

"हे बाहेर आलंय."

स्क्रीनवर तिच्याच उजव्या गुडघ्याचा एक्स-रे होता. मांडीच्या हाडाच्या टोकावर सोमवारी जी धातूची टोपी बसणार होती, तिची हिरवी रेघ डॉक्टरांनी त्यावर चढवून दाखवली होती. मधे सगळं झकास. पण कडेला रेघ हाडाच्या बाहेर डोकावत होती. शेजारी बसलेल्या मिरचीला वाटलं, आता टेबलाखाली शिरावं. एवढ्या मोठ्या डॉक्टरांच्या कामात कोणी खोट काढतं का? पण आत्याने तीस वर्षं बायकांचे कपडे बेतले होते. फिटिंग चुकलेलं दिसलं की तिची जीभ भाचीचंच काय, कोणाचंच ऐकत नसे.

"तीन मिलिमीटर असेल, मावशी," डॉक्टर म्हणाले. "बऱ्याच जणींना त्याचा काही त्रास होत नाही."

"तीन मिलिमीटर म्हणजे एक सूत. आणि ज्यांना होतो?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कड आत घासते. चालताना टोचत राहतं."

"मग एक नंबर लहान घाला ना," मिरची मध्येच म्हणाली.

"रुंदी जमेल. पण पुढून मागे कमी पडेल. वाकवला की गुडघा ढिला होईल."

आत्या एकदम खुलली. "पुरुषाचा शर्ट नुसता लहान करून बाईच्या अंगावर चढवा, हेच होतं. छातीला लावावा तर खांदे लोंबतात, खांद्याला लावावा तर बटणं तुटतात. हा बेतलाय कोणाच्या मापावर?"

डॉक्टर हसले, आणि सामान पुरवणाऱ्याला फोन लावून त्यांनी अडचण सांगितली व फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. पलीकडच्या माणसाचा आवाज खोलीभर झाला.

"लेडीज पेशंट ना, सर? एक नंबर लहान पाठवतो."

"लहान नको, अरुंद हवा," आत्या फोनवर वाकून म्हणाली. "पुढून मागचं माप आहे तेच राहू दे."

"सर, या नव्या मॅडम कोण?"

"टेलर आहेत," डॉक्टर म्हणाले. "आहे का तसा?"

"आहे, सर. बायकांच्या हाडांची मापं घेऊनच बनवलाय. पण मागवावा लागेल. तीन आठवडे."

तीन आठवडे. मिरचीचं तोंड उतरलं. सोमवारच्या तारखेसाठी आत्या सहा महिने थांबली होती. रोज सकाळी पलंगावरून पाय खाली घेताना ती ओठ चावायची, आणि मिरची दाराशी दप्तर अडकवत उभी राहून ते न पाहिल्यासारखं करायची. पायमशीन तर केव्हापासून गप्पच होतं.

"आत्या, सोमवारीच करून टाक ना. बऱ्याच जणींना चालतं म्हणाले ते."

"मी बऱ्याच जणी नाही, मिरचे. मी एकटीच आहे." आत्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. "ब्लाऊज चुकला तर मी रात्रीत उसवून देते. हे उसवायचं कसं?"

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली, आणि त्यांनी सोमवारच्या तारखेवर काट मारली.

"ऑपरेशनच्या दिवशी दोन्ही मापांचे नमुने तयार ठेवीन," ते म्हणाले. "आत प्रत्यक्ष लावून बघू. जो बसेल तोच."

"म्हणजे ट्रायल घेता तर," आत्या म्हणाली. "मग काळजी नाही."

बाहेर बाकावर पाच-सहा बायका रांगेने बसल्या होत्या, मांडीवर पाकिटं, पाय पुढे ताणलेले. आत्या एका हाताने भिंत आणि दुसऱ्याने मिरचीचा खांदा धरून निघाली. दर पावलाला तिचं सगळं वजन मिरचीच्या खांद्यावर येत होतं. मिरची ताठ झाली आणि शाळेच्या संचलनात चालावी तशी चालू लागली.

"तारीख मिळाली का हो?" बाकावरच्या एकीने विचारलं.

"होती ती सोडली. तो गुडघा मला रुंद होत होता."

"म्हणजे? त्यात पण फिटिंग असतं?"

"असतं तर."

त्या बाईने पाकिटातून आपला एक्स-रे काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि अंगठा व बोट ताणून हाडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लावून पाहिलं. मग शेजारणीने आपलं पाकीट उघडलं.