नकाशावरची वस्ती

टँकरचं पाणी वाटेत विकलं जाऊ नये म्हणून यंदा टँकरला जीपीएस बसवलं. चोरी थांबली. पण दगडाबाईच्या मेंढपाळ वस्तीची खूण नकाशावर चुकून कोसभर अलीकडं, मोकळ्या माळावर पडली.

“वस्तीपतूर आण की रं टँकर,” दगडाबाई चालक सूरजला म्हणाली.

“आजी, खुणंच्या पुढं गेलो की पाणी चोरलं म्हणून नोकरी जाईल. नकाशा बदला म्हणून लय अर्ज केलं. कोण बदलत न्हाई.”

पुढच्या आठवड्यात सूरज माळावर पोचला, तर दगडाबाई तिथं पालाच्या मेखा ठोकत होती.

“आजी, हितं ऱ्हाणार?”

“घागरी वाहून गुडघं गेलं, पोरा.” ती तिथंच खाली बसली. “मेंढरं विकून घर बांधलं, तवा वाटलं हुतं, पाण्यामागं हिंडणं संपलं.”