पडद्याची दोरी

पडद्याची दोरी दर वेळी मीच ओढायची. वाचनालय, डायलिसिस केंद्र, शाळेची पाणपोई. आमच्या घरच्या ट्रस्टची देणगी शहरात कुठेही जावो, संगमरवरावर नाव ह्यांच्या पहिल्या बायकोचंच: 'कुमुदिनी यांच्या स्मरणार्थ'. बावीस वर्षं मी हसून टाळ्या वाजवल्या.

"या घरात मेल्याशिवाय नाव लागत नाही का?" दिवाळीत मी ह्यांना विचारलंच.

आज पाळणाघराच्या उद्घाटनाला दोरी ओढली, तर फलकावर माझं नाव. डोळे भरून आले. ते पुसून पुढची ओळ वाचली. कारागिरानं नेहमीच्या सवयीनं 'यांच्या स्मरणार्थ' कोरलं होतं.

हे ओशाळले. "उद्याच बदलून घेतो."

"राहू दे," मी म्हणाले. "तिच्या पाटीवर आहे ना? मग माझ्याही असू दे."